डाव्या चाकाचे नट

मामा, तुमच्या पणतवानं नवी पिकअप घेतली. पांढरी आहे. तिला हँडल मारावं लागत नाही, पॉइंट घासावे लागत नाहीत, आणि बॉनेट उघडलं तर आत हात घालायला जागाच नाही. काही बिघडलं की समोर एक लाल दिवा लागतो, मग हा खिशातून मोबाईल काढतो आणि कंपनीच्या माणसाला बोलावतो. तुम्ही असता तर आधी त्या दिव्याला शिव्या घातल्या असत्या आणि मग पोराला. पण पोरगं गुणी आहे, कांदा भरून राहुरीपर्यंत, सोनईपर्यंत जातं, धंदा करतं. त्याच्यावर माझा राग नाही. राग कुणावर आहे ते सांगायलाच बसले आहे.

गाडी आल्यापासून हे, म्हणजे तुमचा मुलगा, रोज सकाळी काठी टेकत तिच्याभोवती एक फेरी मारतात. प्रत्येक चाकाशी कण्हत कण्हत वाकतात आणि नटांवरून बोटं फिरवतात. एकदा फिरवून भागत नाही, पुन्हा फिरवतात. परवा नातू हसला. म्हणाला, आजोबा देवळात कधी जात नाहीत, पण गाडीला प्रदक्षिणा चुकत नाही. हे पायरीवर बसले आणि त्याला सगळी गोष्ट सांगू लागले. की बाहत्तरच्या दुष्काळात मी एकदा चाकं न बघता गाडी काढली, नट वाटेत गळाले, आणि माझ्या बापानं कामावरच्या सगळ्या माणसांसमोर माझ्या हातातून चावी काढून घेतली. आणि शेवटी म्हणाले, बरोबर केलं आबांनी. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. ते वाक्य कानावर पडलं आणि हातातली भाकरी तशीच फाटली. पन्नास वर्षं मी हे ऐकत आले आहे मामा, पण "बरोबर केलं" हे त्या दिवशी मला सोसलं नाही.

मी तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा तुमची ती गाडी माझ्याआधीच दारात उभी होती. नगरला मिलिटरीच्या लिलावात तुम्ही ती घेतली होती आणि तुम्ही स्वतः त्याच मिलिटरीच्या वर्कशॉपातून पेन्शन घेऊन आला होतात, त्यामुळे तुम्हा दोघांचा स्वभाव एकच. सकाळी तापल्याशिवाय चालायचं नाही आणि एकदा तापलं की कुणाचं ऐकायचं नाही. राहुरीसारख्या पाण्याच्या गावातून मी या पारनेरच्या माळावर आले, आणि पहिल्याच आठवड्यात पाहिलं की या घरात आधी गाडी पाणी पिते, मग माणसं. आत्याबाई, तुमची कारभारीण, हंडा मोजून वापरायच्या आणि तुम्ही त्यातलाच तांब्या उचलून रेडिएटरात ओतायचात. रोज भांडण. मी दाराआडून ऐकायची आणि मनात म्हणायची, कुठं येऊन पडले.

मग एक दिवस रेडिएटर गळायला लागला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. तोवर तुम्ही माझ्याशी सरळ एक शब्द बोलला नव्हतात. म्हणालात, "पोरी, मूठभर हळद आन." मला वाटलं कुणाला लागलं. मी वाटी घेऊन धावत आले तर तुम्ही ती हळद गाडीच्या रेडिएटरात टाकलीत, वर पाणी ओतलंत, इंजिन चालू केलंत आणि मला म्हणालात, आता बघ. मी बघत राहिले. थेंब बारीक झाला, पिवळा झाला आणि थांबला. मी हसले. सासऱ्यासमोर तोंड उघडून हसायचा काळ नव्हता तो, आत्याबाईंनी आतून खाकरून दाखवलं, पण तुम्हीही हसलात. तिथून पुढं मला गाडीजवळ यायला बंदी राहिली नाही.

बंदी राहिली नाही म्हणजे सुटका राहिली नाही, असं म्हणायला हवं. त्या पावसाळ्यात, पाऊस नसलेल्या पावसाळ्यात, हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि तुमचं उजवं मनगट मोडलं. जगाला सांगायचात, आंगठा बाकीच्या बोटांबरूबर ठेवा, हँडलाला मिठी मारू नका, आणि त्या दिवशी कशावरून तरी चिडलेले असताना स्वतःच मिठी मारलीत. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून हात गळ्यात बांधला. ह्यांना गाडी चालवता छान येत होती, पण दुरुस्तीत जीव नव्हता, त्यांचे हात नट बघितला की गोंधळायचे. म्हणून तुम्ही मला हाक मारलीत. मी तुमचा उजवा हात झाले. प्लग काढून घासणं, पोस्टकार्डाची कड घालून ठिणगीच्या पॉइंटमधलं अंतर धरणं, पेट्रोलची टाकी झिरपली तर कपड्याचा साबण चोळून लावणं, उन्हात गाडी मधेच थांबली तर तिच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकून गप बसणं. गप बसणं सगळ्यात अवघड, असं तुम्हीच म्हणायचात, आणि ते तुम्हाला कधीच जमलं नाही. चुकले की तुमचा आवाज शेजारच्या वस्तीवर जायचा. माझा बाप मला कधी असं बोलला नव्हता. पण संध्याकाळी हात धुताना माझ्या नखांतलं काळं ग्रीस बघून मला बरं वाटायचं, हे आज सांगते. सासरी आल्यापासून माझं स्वतःचं असं तेवढंच होतं.

तुमचे नियम दोन होते. गाडी काढायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि चारी चाकांना हात लावायचा, हा पहिला. ज्यानं चाकाचे नट आवळले त्यानं पहिल्या खेपेला त्याच चाकाच्या वर बसायचं, हा दुसरा. वर्कशॉपात तुमच्या साहेबानं तो लावून दिलेला होता. आणि तिसरी गोष्ट, नियम नव्हे पण तुम्ही नाक दाबून ती पाठ करून घेतलीत, की या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत. जगातले नट उजवीकडे फिरवून आवळतात, हे डावीकडे. डावं चाक उलटं. भाजी चिरताना, पाणी भरताना मी हे पुटपुटायची.

दुष्काळी कामं सुरू झाली आणि ओढ्यापलीकडं पाझर तलावाचं काम निघालं. सगळा माळ तिथं खडी फोडायला, माती वाहायला जायचा. आपल्या विहिरीला अजून पाणी होतं, तळाशी का होईना, म्हणून त्या कामावर पिण्याचं पाणी पोचवायचं आपल्याकडं आलं. मागच्या हौद्यात लोखंडी पिंपं उभी करायची, तोंडाला ओली पोती बांधायची, आणि हे गाडी घेऊन जायचे. हळू, बैलगाडीच्या चालीनं, नाहीतर निम्मं पाणी वाटेत सांडायचं. तिकडची टाकी भरून ठेवली की एक दिवस निघायचा. म्हणून खंडेनवमीला गाडी काढायची नाही असं ठरलं. आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पूजेला लागतात, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. विळा, कुऱ्हाड, पहार आणि तुमचे सगळे पाने.

त्या दिवसाची सकाळ मला अजून दिसते. मी आत नैवेद्याच्या मागं आहे. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या पिठात मूठभर गूळ घालून काही गोड होतंय का ते बघते आहे. तुम्ही पुढचं डावं चाक काढून बसला आहात, ब्रेक एका बाजूला ओढतोय म्हणून. हात गळ्यात, डाव्या हातानंच सगळं चाललंय, आणि मला हाक मारलेली नाही कारण मी सोवळ्यात आहे. आत्याबाई ओसरीवरून ओरडतात की वेळ टळून चालली, तेवढा पाना द्या, धुवून पूजेत मांडायचाय. तुम्ही म्हणता, थांब. त्या म्हणतात, वर्षातून एक दिवस तरी माझं ऐका. तुम्ही पुटपुटत पाना फेकता. मी तो उचलून धुते, पुसते, घोंगडीवर ओळीत मांडते. यात काहीच वेगळं नव्हतं. चाक बसलेलं दिसत होतं, जॅक काढलेला होता, गाडीला रंगीत कागदाच्या फुलांची माळ होती कारण त्या वर्षी झेंडू कुठं उगवणार. पूजा झाली. तुम्ही देवीच्या होमाला गावात गेलात.

आणि कामावरचा माणूस पळत आला. टाकी रातोरात गळून गेली होती, खालचा सांधा सुटला होता. सकाळपासून कुणाच्या तोंडात पाणी नाही, उन्हानं एक बाई पडली, पोरं रडताहेत. ह्यांनी एकदा गावाच्या दिशेनं बघितलं, तुम्हाला बोलवायला माणूस पाठवायचा का असं आत्याबाईंना विचारलं, आणि त्यांचं उत्तर यायच्या आत पिंपं ओढायला घेतली. मी आणि आत्याबाईंनी पाणी शेंदलं. गाडी काढायला हत्यार लागत नाही, म्हणजे नेम मोडत नाही, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. हे सीटवर चढले. फेरी मारली नाही. खरंच मारली नाही, ते मी पाहिलं. पण त्या माणसाचं तोंड बघितलं असतंत तर तुम्हीही मारली नसतीत.

तुम्ही परत आलात तेव्हा कपाळाला अंगारा होता आणि मूड चांगला होता. अंगणात आलात आणि थांबलात. गाडीच्या जागी नुसता तेलाचा डाग. आत्याबाईंनी सांगितलं काय झालं ते, जरा अभिमानानंच सांगितलं, की पोरानं अडल्यानडल्याची सोय केली. तुमचा चेहरा मी कधीच विसरणार नाही मामा. शिव्या येतील म्हणून मी अंग चोरून उभी होते आणि तुमच्या तोंडातून आवाजच निघेना. मग निघाला तो अगदी बारीक. "डाव्या चाकाचं नट हातानंच लावल्यात. आवळायचं ऱ्हायलं. पाना पूजंला दिला."

ओढ्याचा उतार आम्हा तिघांच्याही डोळ्यांपुढं एकदमच आला असणार. एका बाजूला दरड, एका बाजूला नुसती उघडी कड. मागं पाण्याची पिंपं. मी म्हणाले, चला. तुम्ही ओसरीवर आलात, पूजेपुढं उभे राहिलात, आणि तुमचा हात पुढं होईना. एवढा मोठा फौजी माणूस. तुमच्या थोरल्या भावानं एका खंडेनवमीला पूजेतली कुऱ्हाड उचलली होती आणि वर्षाच्या आत तो गेला, हे मला आत्याबाईंनीच कधीतरी सांगितलं होतं. मी पुढं झाले तर आत्याबाईंनी मला हातानं मागं सारलं. त्या वाकल्या, ओळीतला चाकाचा पाना उचलला, त्याच्यावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "मीच मागितला हुता. मीच देते." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला त्यांची भीती वाटली आणि त्याच क्षणी त्या मला आईपेक्षा जवळच्या वाटल्या.

आपण पायवाटेनं गेलो नाही, गाडीच्या वाटेनंच गेलो, चाकोरी बघत. तुम्ही पुढं, एक हात गळ्यात, टोपी मागं सरकलेली, मी पदर खोचून मागं. ऊन असं की फुफाटा चपलेतून पोळत होता. टेकडीच्या वळणाच्या अलीकडं मला पहिला नट दिसला. फुफाट्यात अर्धा रुतलेला, आणि तुम्ही सकाळीच ग्रीस लावलेलं म्हणून काळा, मातीनं माखलेला. मी उचलला. तापला होता. तुम्हाला दाखवला तर तुम्ही बघितलात आणि नुसते जोरात चालू लागलात. पाच नटांचं चाक. मी एक पदरात बांधला आणि उरलेले चार मनात धरून पळू लागले. वळणाच्या पुढं दुसरा सापडला. तो उचलताना माझ्या तोंडातून कसलासा आवाज आला असणार, कारण तुम्ही वळून ओरडलात, "रडू नको, खाली बघ." मी रडत नव्हते. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, आणि मी ज्या माणसाशी अजून धड बोलले नव्हते त्याच्या आयुष्याचे तुकडे मातीतून वेचत चालले होते. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता की तो पाना तुमच्या पाठीत घालावासा वाटला. आणि त्याच पाठीमागं मी जीव मुठीत धरून पळत होते.

उताराच्या तोंडाशी तुम्ही थांबलात. पुढं जाऊन खाली बघायचं धाडस तुम्हाला झालं नाही, मी पुढं झाले. खाली ओढ्याच्या वाळूत काही नव्हतं. चाकांच्या ओल्या खुणा ओढा ओलांडून वर गेल्या होत्या, सांडलेल्या पाण्याची रेघ सरळ होती. मी हातानंच खूण केली, पार गेलेत. तुम्ही खाली बसलात, टोपी सारखी केलीत आणि उठलात.

कामावर पोचलो तर गाडी उभी होती. बायका पिंपाभोवती, पोरं तांब्यांना तोंड लावून. जी बाई पडली होती ती पोत्याच्या सावलीत उठून बसली होती. चाक दोन नटांवर होतं, तेही निम्मे बाहेर आलेले, आणि हे चाकाशी उकिडवे बसून त्यांच्याकडं बघत होते. आपल्याला बघून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जीव वाचल्याचा आनंद होता, मामा, लहान मुलासारखा, आणि ते विचारणार होते की हे कसं झालं. ओठ उघडलेले मला आठवतात. मुकादम होता, सगळा माळ होता, आपली भावकी होती. तुम्ही त्यांना बोलूच दिलं नाहीत.

"गाडी काढताना चाकाला हात लावून बघितला व्हता का? व्हय का न्हाई, एवढंच सांग."

"न्हाई, आबा."

मग तुम्ही जे बोललात ते मी इथं लिहीत नाही, ते तुम्हालाही नको असेल. शेवटी डाव्या हातानं चावी मागितलीत. ह्यांनी ती दिली. बायका पाणी प्यायच्या थांबल्या होत्या. मी दोन पावलांवर उभी होते, पदरात दोन नट, हातात पाना, आणि माझ्या घशाशी ते वाक्य आलं होतं, जे तुम्ही अंगणात आमच्यासमोर स्वतःच बोलला होतात. ते मी गिळलं. नवी सून चारचौघांत सासऱ्याला खोटं पाडते, असं त्या काळी कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

तुम्ही मला म्हणालात, लाव. मी बसले. पाचवा नट वाटेत कुठंतरी राहिला होता. तुम्ही सांगायच्या आत मी मागच्या डाव्या चाकाचा एक काढला. उजव्याचा चालला नसता, आटे सुलटे. मुकादम म्हणाला, बाई उलटं फिरवतीया. तुम्ही त्याला गप केलंत. मी समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, आधी हलके, मग पान्यावर पाय देऊन, सगळं अंग टाकून. मग तुमच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे मी पुढं डाव्या सीटवर चढले, त्याच चाकाच्या वर. तुम्ही चालवायला बसलात. ह्यांना बस म्हणाला नाहीत, आणि म्हणाला असता तरी ते बसले नसते. ते ओढ्याकडं चालू लागले, मान खाली घालून. ते वाटेत गळालेला नट शोधत होते, हे मला नंतर कळलं.

तुमच्या एका हातात स्टिअरिंग, म्हणून गिअर मी टाकायचे. तुम्ही क्लच दाबायचात आणि सांगायचात, पहिला टाक, आता काढ, आता दुसरा. माझं चालवणं असं सुरू झालं. उतार लागला, तुम्ही पहिल्यातच ठेवलीत, ब्रेकला पाय लावला नाहीत. माझ्या खाली ते चाक फिरत होतं आणि मी त्याचा प्रत्येक आवाज ऐकत होते. ओढा ओलांडून वर चढल्यावर, समोर बघतच तुम्ही बोललात.

"त्याला काई सांगू नको. दुसरा टाक."

मी दुसरा टाकला.

एवढंच झालं. तेवढ्या खडखडाटात तुम्ही माझ्याकडून ते मागून घेतलंत आणि मी गिअरबरोबर देऊन टाकलं. ह्यांनी पुन्हा कधी गाडी चालवली नाही. त्या कामावरच हजेरी घ्यायला लागले, मग साखर कारखान्यात चिकटले, चांगलं नाव कमावलं, पण चावी कुणी पुढं केली तर हात मागं न्यायचे. गाडी मी चालवली. तुम्ही शिकवलंत, ओरडलात, पारनेरच्या बाजारात मी पहिल्यांदा गाडी लावली तेव्हा लोक जमले तर छाती फुगवून उभे राहिलात. माझ्याशी तुम्ही चांगले वागलात, मामा. म्हणून तर राग काढायला जागा सापडली नाही. तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही ह्यांचा हात धरून ठेवायचात, तासन्‌तास, आणि मी दारात उभी राहून वाट बघायची, आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही छताकडं बघत राहिलात. माझा धाकटा तेव्हा रांगत होता. त्याचा मुलगा आज पिकअप चालवतो.

काल मी ह्यांना सांगितलं. तुमची परवानगी मागायला थांबले नाही. चहा झाल्यावर सांगितलं, सगळं, पाना फेकल्यापासून दुसरा टाक म्हणेपर्यंत. मला वाटलं चिडतील. मला ते चिडायला हवे होते. पन्नास वर्षांचं काहीतरी फुटून बाहेर येईल म्हणून मी दार लोटून घेतलं होतं. त्यांनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "आबांचा हात तवा बांधलेला हुता ना? एका हातानं चाक चढवलं असंल त्यांनी." मी म्हणाले, हो. "मला हाक मारायची," म्हणाले, "मी धरलं असतं." आणि डोळे पुसले. पुसून झाल्यावर म्हणतात, तरी बी चाक मी बघायला पाहिजे हुतं. तेव्हा मात्र मी चिडले, इतकी की नातू बाहेरून बघायला आला. बापासारखेच हट्टी, असं तोंडावर म्हणाले. आज सकाळी पुन्हा काठी टेकत फेरी मारली त्यांनी. पण चाकांना हात लावताना नातवाला म्हणाले, तुझ्या खापरपणज्याला, नाही, पणज्याला, एका हातानं चाक बसवता यायचं. असं सांगत होते जणू काही तुमचा पराक्रम सांगताहेत. मी तुम्हाला माफ केलंय की नाही ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी केलंय. त्यांना फार वेळ लागला नाही.

या पत्राला पाकीट आणलेलं नाही. उद्या खंडेनवमी आहे आणि मला हत्यारं मांडायची आहेत. एक गोष्ट राहिली, ती सांगून उठते. त्या वर्षानंतर चाकाचा पाना मी पूजेत कधीच ठेवला नाही. बाकी सगळं धुवून पुसून ओळीत मांडायची आणि तो गाडीच्या सीटखाली सारायची. तुमच्या लक्षात आलं असेल तर तुम्ही बोलला नाहीत. आत्याबाईंच्या आलं होतं. पहिल्याच वर्षी हळदकुंकू वाहत त्या ओळीनं पुढं सरकल्या, पान्याच्या जागेशी त्यांचं बोट थांबलं, आणि त्यांनी घोंगडीवरच्या रिकाम्या जागेला कुंकू लावलं. तेव्हापासून त्या होत्या तोवर त्या लावायच्या, आता मी लावते. उद्याही लावीन. तो पाना मी आज दुपारीच नव्या गाडीच्या सीटखाली ठेवून आले. तिच्या नटांना तो बसत नाही, हे मला माहीत आहे.